सायलेन्सरचा नट जाम झालाय? आधी ठरवा, मोडायचं काय

तुमचं म्हणणं मला असं कळलं: गाडी १०० सीसीची, दहा-अकरा वर्षांची, रत्नागिरीत खाऱ्या वाऱ्यावर उभी असते. सायलेन्सर खालून सडला म्हणून नवा आणला. मागचा बोल्ट निघाला, पण इंजिनच्या हेडपाशी बेंड पाईप धरून ठेवणारे जे दोन नट आहेत, त्यातल्या उजव्याचे कोने पाना घसरून गोल झालेत आणि डावा जागचा हललेलाही नाही. गॅरेजवाला म्हणाला, ‘मोडला तर हेड उतरवावं लागेल,’ म्हणून गाडी घरी परत आणलीत. हाताशी पान्यांचा सेट, हातोडी, हॅक्सॉ आणि एक ड्रिल मशीन आहे. घरी जमेल का?

बहुतेक वेळा जमतं. पण गॅरेजवाला उगाच घाबरवत नव्हता, तो कशाला घाबरतोय ते आधी समजून घ्या. या जागी चार वस्तू एकमेकींत अडकल्यात: नट, स्टड (हेडमध्ये रोवलेली आट्यांची सळी, जिच्यावर नट चढतो), पाईपची कॉलर (पाईप हेडवर दाबून धरणारी कडी) आणि हेडमधले आटे. नट आणि स्टड किरकोळ पैशांत मिळतात. पाईप जुन्या सायलेन्सरबरोबर भंगारातच जाणार आहे, आणि नव्याबरोबर कॉलर येत असेल तर जुनी कॉलरही. महाग एकच आहे, हेडच्या अ‍ॅल्युमिनिअममध्ये पाडलेले ते आटे. म्हणून काही मोडायचंच असेल तर आधी नट मोडा, मग कॉलर कापा, मग स्टडचा बळी द्या, पण आट्यांपर्यंत जाऊ नका. लोक नेमकं उलटं करतात. नट वाचवायला जातात, पान्याला पाईप घालून जोर काढतात, स्टड हेडच्या तोंडाशी तुटतो, मग ड्रिल तिरकं जातं आणि आटे जातात. पुढचं सगळं उत्तर हा क्रम कसा सांभाळायचा याबद्दलच आहे.

आज पाना लावू नका. आधी पाहणी करा. टॉर्च मारून बघा की नटाच्या पुढे स्टड किती बाहेर आलाय आणि त्याचे आटे कसे दिसतात. साधे उघडे नट असतील तर बाहेर आलेल्या आट्यांवर गंजाचा थर चढलेला असतो, आणि नट मोकळा झाला तरी याच थरावर येऊन पुन्हा अडकतो. खूप स्टड इथे तुटतात. नट दोन फेरे छान फिरतो, माणूस खूश होतो, तेवढ्यात नट गंजलेल्या टोकावर चढतो आणि स्टड पिळवटून जातो. म्हणून पहिलं काम वायर ब्रशचं. छोटा ब्रश घ्या आणि आट्यांच्या खोबणीतून चमक दिसेपर्यंत घासा. तासभर गेला तरी चालेल. खोबणीत बसलेले गंजाचे खडे हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने किंवा टोकदार सुईने उकरून काढा.

मग टाकी उतरवा. हे काम आळसाने टाळलं जातं, पण पुढे ज्वाला लागणार आहे आणि डोक्यावर पेट्रोल ठेवून ते करायचं नसतं. नळी काढा, टाकी दुसऱ्या खोलीत नव्हे तर घराबाहेर ठेवा, कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोलही तळाच्या स्क्रूने काढून टाका. लेगगार्ड आडवा येत असेल तर तोही काढा. प्लगची कॅप काढून बाजूला करा, प्लग मात्र जागेवरच राहू द्या, नाहीतर कचरा आत जाईल. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, इतरांच्या गाड्यांच्या रांगेत हे करू नका. अंगण किंवा मोकळी जागा हवी, शेजारी वाळूची बादली किंवा लहान अग्निशामक हवा.

आता तेलाबद्दल. रॉकेल, डिझेल, कोल्ड्रिंक, खोबरेल, सगळे सल्ले तुम्हाला मिळाले असतील. कोल्ड्रिंकमधलं आम्ल इतकं सौम्य असतं की अशा सांध्यात ते साखर चिकटवण्यापलीकडे फारसं काही करत नाही. डिझेल थोडं झिरपतं, पण वेळ खूप घेतं. डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा साधा डबा ओलावा हटवायला आणि पुसायला उत्तम, जाम झालेल्या नटासाठी मात्र त्यांचाच पेनिट्रंट नावाचा वेगळा स्प्रे किंवा इतर कुठल्याही कंपनीचं खास पेनिट्रेटिंग ऑइल घ्या. घरगुती उपाय म्हणून अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल निम्मं-निम्मं मिसळून वापरतात. ते मिश्रण खरंच झिरपतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. दोन्ही एकमेकांत नीट विरघळत नाहीत, त्यामुळे दर वेळी हलवून घ्यायचं आणि धातूच्या तेलदाणीतूनच टाकायचं. शिवाय अ‍ॅसिटोन रंग आणि प्लॅस्टिक खातं आणि ठिणगीला चटकन पेट घेतं. तेव्हा ज्या दिवशी हे मिश्रण टाकाल त्या दिवशी ज्वाला नाही.

तेल टाकायची वेळ महत्त्वाची आहे. टाकी उतरवण्याआधी, पहिल्या दिवशी, इंजिन पाचेक मिनिटं चालवा, बंद करा आणि नट हाताला सोसेल इतका कोमट होऊ द्या. मग स्प्रे मारा. थंड होताना सांधा आकसतो आणि तेल आत ओढलं जातं. लाल होईपर्यंत तापलेल्या पाईपवर तेल मारलंत तर ते धूर होऊन उडून जाईल, क्वचित पेटेलही. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तेल टाकत राहा आणि दर वेळी तेल टाकल्यावर नटाच्या बाजूच्या सपाट कडेवर हातोडीने हलके ठोके द्या, समोर दुसरी जड हातोडी टेकवून. ठोके नटावर द्यायचे, स्टडच्या टोकावर आडवे नव्हे. स्टड ज्या उंचवट्यात बसलाय तो अ‍ॅल्युमिनिअमचा आहे, आडव्या माराने तो तडकतो आणि मग हा विषय घराच्या आवाक्याबाहेर जातो.

इथे एक गोष्ट समजली की पुढचे निर्णय सोपे होतात. जाम होणाऱ्या जागा दोन आहेत आणि त्या वेगळ्या आहेत. नट आणि स्टड दोन्ही पोलादाचे, त्यांच्यामध्ये लाल गंज बसतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो पाचर मारल्यासारखा ताठ बसतो. दुसरी जागा म्हणजे स्टड आणि हेड. तिथे पोलाद आणि अ‍ॅल्युमिनिअम एकमेकांना चिकटलेत आणि कोकणातली खारट ओल त्यांच्यामध्ये आहे. दोन वेगळे धातू आणि मध्ये मिठाचं पाणी म्हटल्यावर अ‍ॅल्युमिनिअम झिजणारच. त्याची पांढरी पूड आट्यांमध्ये भरते आणि स्टड जणू ओतून बसवल्यासारखा होतो. पुण्यात किंवा नाशकात बहुतेक पहिली जागाच त्रास देते. किनाऱ्यावर दोन्ही.

म्हणून उष्णता देताना आपल्याला काय सोडवायचंय हे ठरवावं लागतं. नट स्टडवरून सोडवायचा असेल तर नट तापवा, म्हणजे तो फुगेल. स्टड हेडमधून सोडवायचा असेल तर नटाला ज्वाला लावून उपयोग नाही, त्याच्या भोवतीचं अ‍ॅल्युमिनिअम तापवावं लागतं. अ‍ॅल्युमिनिअम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, दर अंशाला साधारण दशलक्षात २३ भाग, पोलाद १२ भाग. ६ मिलिमीटरच्या छिद्राला १०० अंशांनी तापवलं तर स्टड आणि छिद्र यांच्यात सुमारे ०.००७ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतका. ऐकायला काहीच नाही, पण पकड तुटायला तेवढा पुरतो.

नट तापवायला घरी छोटा ब्यूटेन टॉर्च चालतो, मिठाईवाले आणि केकवाले वापरतात तसला. एम६ च्या (म्हणजे ६ मिलिमीटरच्या स्टडवरच्या) नटाला तो पुरेसा आहे, एम८ ला जरा वेळ लागतो. ज्वालेचं निळं टोक नटावर ठेवा, हेडवर नको. एक-दीड मिनिट तापवा, थंड होऊ द्या, पुन्हा तापवा. दोन-तीन वेळा असं फुगवणं-आकसणं झालं की गंजाचा थर तडकतो. नट गरम असतानाच मेणबत्तीचं टोक त्याच्या मुळाशी टेकवा. मेण साधारण ६० अंशांना वितळतं आणि पातळ होऊन आट्यांमध्ये ओढलं जातं. ही जुन्या फिटर लोकांची रीत आहे आणि अजूनही काम करते. धूर होईल, एखादवेळी मेण क्षणभर पेटेलही, घाबरू नका, ओला फडका जवळ असू द्या.

हेड तापवताना जास्त जपावं लागतं. पोलाद तापलं की लाल होऊन सांगतं, अ‍ॅल्युमिनिअम काही सांगत नाही. शुद्ध अ‍ॅल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं, हेडचा मिश्रधातू त्याआधीच ढासळायला लागतो, आणि तोपर्यंत त्याचा रंग बदलत नाही. आपल्याला १५० अंशांच्या आसपास पुरे आहे. पाण्याचा थेंब टाकला की चुर्र करून उडून गेला, एवढंच बघा. ज्वाला एका जागी धरू नका, गोल फिरवत राहा. आत व्हॉल्व्हची रबरी सील आहेत, ती भाजली तर नंतर गाडी निळा धूर सोडेल आणि तुम्ही सायलेन्सरला दोष द्याल. वायरिंग आणि हॉर्नवर ओलं फडकं टाकून ठेवा.

आता डाव्या, न हललेल्या नटाबद्दल. या वर्गातल्या छोट्या गाड्यांवर बहुधा एम६ स्टड आणि १० मिलिमीटरचा नट असतो, मोठ्या गाड्यांवर एम८ आणि १२ किंवा १३ चा. तुमच्याकडे सेटमध्ये बारा कोनी गोटी (सॉकेट) असेल तर ती बाजूला ठेवा. सहा कोनी गोटी हवी, कारण ती नटाच्या कोन्यांवर नव्हे तर सपाट बाजूंवर जोर देते. उघड्या तोंडाच्या पान्याला इथे हात लावू नका, तुमच्या उजव्या नटाचे कोने बहुतेक त्यानेच गेले असणार. गोटी हातोडीने ठोकून पूर्ण खोल बसवा. त्या ठोक्यांचाही उपयोग होतो.

मग पहिला जोर सोडण्याच्या दिशेने नाही, आवळण्याच्या दिशेने. अगदी जरासा. गंजाची पकड कुठल्याही बाजूने तुटली तरी तुटली, आणि आवळताना काही वेळा ती सहज तुटते. मग उलट. हाताला काय कळतंय तिकडे लक्ष द्या. ‘कट्’ असा कोरडा आवाज येऊन नट हलला तर छान. जोर लावल्यावर हँडल रबरासारखं लवचिक वाटलं, म्हणजे फिरतंय पण सुटत नाहीये, तर थांबा. ते नट फिरणं नाही, स्टड पिळला जातोय. एम६ चा स्टड बारीक असतो, लांब हँडलने माणूस तो एका हाताने तोडू शकतो. म्हणून इथे लहान रॅचेट किंवा टी-हँडल वापरा आणि पान्याला पाईप लावायचा विचारही नको.

नट हलला की सरळ काढत सुटू नका. पाव फेरा मागे, थोडा पुढे, तेल, पुन्हा पाव फेरा मागे. गंजाची भुकटी तेलाबरोबर बाहेर यायला जागा मिळाली पाहिजे. जड वाटलं की पुन्हा तापवा. दहा मिनिटांचं काम अर्धा तास खाईल, खाऊ द्या.

कधी कधी नट फिरतो आणि त्याच्याबरोबर अख्खा स्टडच हेडमधून बाहेर येतो. बरेच जण याला मोडणं समजतात आणि घाबरतात. हा तर सगळ्यात चांगला निकाल आहे. आटे वाचले, नट आणि स्टड एकत्र फेकायचे आणि नवीन जोडी घ्यायची. तुमच्या गाडीवर असं झालं तर नट स्टडवरून काढायच्या भानगडीत पडू नका, तेवढा स्टड दुकानात नेऊन लांबी आणि आटे ताडून नवा आणा.

उजव्या, गोल झालेल्या नटासाठी पहिला उपाय म्हणजे एक नंबर लहान गोटी ठोकून बसवणं. झिजलेल्या १० च्या नटावर ३/८ इंची गोटी बघा, ती ९.५ मिलिमीटरच्या जवळ असते आणि हातोडीने मस्त घट्ट बसते. ती गोटी जुनी, स्वस्तातली घ्या, कारण नंतर नट त्यातून ठोकून काढावा लागतो. नट काढायच्या पिळाच्या खास गोट्याही मिळतात, आतून चक्राकार धार असलेल्या, त्या यापेक्षा बऱ्या. व्हाइस ग्रिप (पकडून लॉक होणारी पक्कड) शेवटी आणि फक्त जागा मोकळी असेल तर. अर्धवट पकडीचा व्हाइस ग्रिप उरलेले कोनेही खातो.

यानेही नाही झालं तर नट कापा. तुमच्यासारख्या केसमध्ये माझं मत असं की लहान गोटीचा एक प्रयत्न करून थेट कापायलाच घ्यावं, कारण त्या नटावर रोज थोडा-थोडा जोर लावत राहिलात तर स्टड थकून तुटेल. नट फोडायचं स्प्लिटर मिळतं, पण पाईप आणि फिन (इंजिन थंड ठेवणाऱ्या पट्ट्या) यांच्यामध्ये ते बऱ्याचदा बसत नाही. आणि इथे तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. जुना सायलेन्सर ठेवायचा नाहीये. मग हॅक्सॉने बेंड पाईप कॉलरच्या चार-पाच सेंटिमीटर खाली सरळ कापून टाका. सायलेन्सर खाली गेला की नटापर्यंत हात, पाना, कानस, ज्वाला, सगळं सहज पोचतं. जे काम पाठीला बाक देऊन आंधळेपणाने करत होता ते समोर बसून करता येतं. फक्त नव्या सायलेन्सरबरोबर कॉलर येत नसेल तर जुनीच पुन्हा लागणार आहे, ते आधी बघा. बऱ्याच गाड्यांवर ती सुटी असते, पाईप कापल्यावर नटांखाली तशीच लटकते. काही मॉडेलवर कॉलरच्या आत दोन अर्धगोल तुकडे असतात, ते हरवू नका.

नट कापताना स्टडच्या लांबीला समांतर, नटाच्या एका सपाट बाजूवर काप घ्या. लहान रोटरी टूल असेल तर पातळ चकतीने, नसेल तर हॅक्सॉचं नुसतं ब्लेड एका टोकाला कापड गुंडाळून हातात धरून. आट्यांपर्यंत जायचं नाही, नटाची भिंत कागदासारखी पातळ राहिली की थांबायचं. मग त्या खाचेत छोटी धारदार छिन्नी ठेवून एक ठोका. नट उघडतो आणि बोटांनी निघतो. स्टडवर एक-दोन आट्यांना ओरखडा आला तर हरकत नाही, तो स्टड तसाही बदलायचाय. चष्मा घाला. चकती तुटली तर ती डोळ्याच्याच उंचीवर असते.

नट गेले, कॉलर निघाली, आता हेडमधून फक्त स्टड बाहेर आहेत. हेही बदला, पण घाई नको. दोन नवे नट स्टडवर चढवून एकमेकांवर घट्ट आवळा आणि आतल्या नटावर पाना लावून स्टड फिरवा. आटे पार गेले असतील तर व्हाइस ग्रिप मुळाशी घट्ट धरा. आता मोकळी जागा आहे, तो नीट बसेल. भोवतीचं हेड तापवून, पुढे-मागे हलवत काढा. ज्वाला आणि तेल यांची पाळी वेगवेगळी ठेवा. स्टड अजिबात ऐकत नसेल आणि त्याचे आटे वापरण्याजोगे असतील, तर मी सांगेन, राहू द्या तसाच. आटे साफ करा, डाय (बाहेरचे आटे पाडायचं हत्यार) फिरवा, नवा नट लावा. हेडमध्ये घट्ट बसलेला आणि नट धरणारा स्टड हा काही दोष नाही.

तुटलाच तर काय? अर्धा सेंटिमीटर जरी बाहेर असेल तर सगळ्यात खात्रीचा उपाय वेल्डिंगवाल्याकडे आहे. तुटलेल्या टोकावर वायसर, त्यावर एक नंबर मोठा नट, आणि नटाच्या आतून वेल्ड भरायचं. खरं काम त्या वेल्डच्या उष्णतेने होतं. थोडं थंड होऊ दिलं की स्टड पाना लावून निघतो, हे मी अनेकदा पाहिलंय. आर्गॉन वायूवर वेल्ड करणारा मिळाला तर उत्तम. वेल्ड करण्याआधी बॅटरीची वायर काढा, आणि अर्थिंगचा चिमटा हेडवरच, स्टडच्या जवळ लावायला सांगा. तो चेसिसच्या दुसऱ्या टोकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो.

हेडच्या तोंडाला बरोबर तुटला असेल तर ड्रिल. आणि इथे मी बऱ्याच जणांना सांगतो की तुम्ही करू नका. हाताच्या ड्रिलने पोलादाच्या बारीक स्टडच्या बरोबर मध्यावर छिद्र पाडणं अवघड आहे, कारण ड्रिल मऊ अ‍ॅल्युमिनिअमकडे घसरतं. करायचंच असेल तर तुटलेलं टोक आधी कानसीने सपाट करा, सेंटर पंच मारा, आणि जुनी कॉलर दुसऱ्या चांगल्या स्टडवर उलटी आवळून तिचं रिकामं भोक मार्गदर्शक म्हणून वापरा. त्या भोकात बसेल अशी छोटी बुशिंग लेथवाल्याकडून करून घेतली तर ड्रिल आपोआप मध्यावर आणि सरळ जातं. आधी ३ मिलिमीटर, मग हळूहळू ५ पर्यंत. ड्रिलवर टेप गुंडाळून खोलीची खूण करा, नाहीतर थेट आत पोचाल. डाव्या पिळाची ड्रिल बिट मिळाली तर बहार, कारण अनेकदा छिद्र पाडता पाडताच स्टड उलटा फिरून बाहेर येतो.

ईझी-आऊट (तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडून तो उलटा फिरवून काढायचं हत्यार) मात्र एम६ मध्ये नको. साधा हिशेब करा. नटाने बाहेरून धरलेला पूर्ण ६ मिलिमीटरचा स्टड तुटला, मग ३ मिलिमीटरच्या भोकात घातलेलं टोकदार हत्यार तो कसा फिरवणार? ते आत तुटतं. आणि ते इतकं कठीण पोलाद असतं की तुमची ड्रिल बिट त्यावर नुसती किंचाळते. मग स्पार्क इरोजनचं (ठिणग्यांनी धातू झिजवणारं) मशीन असलेल्या वर्कशॉपचा शोध, हेड उतरवून.

आटे गेलेच, तर एम६ च्या जागी सरसकट एम८ मारून देणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही, कारण त्या उंचवट्याची भिंत पातळ होते आणि कॉलरचं भोकही मोठं करावं लागतं. हेलिकॉइल घाला, साधारण ६.३ चं ड्रिल, त्याचाच टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार), आत स्टेनलेसची स्प्रिंग, आणि स्टड मूळ मापाचा राहतो. हेलिकॉइल कुणाकडे नसेल तर चांगल्या लेथवाल्याला स्टेप स्टड करायला सांगा, हेडच्या बाजूला जाड आणि नटाच्या बाजूला ६ चे आटे. रत्नागिरी, चिपळूणकडच्या बोटींच्या इंजिनांवर काम करणाऱ्या लेथवाल्यांना हे सांगावंही लागत नाही, ते रोज असलेच सडलेले स्टड काढत असतात.

एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस६ गाडी असेल तर बेंड पाईपवर बहुधा ऑक्सिजन सेन्सर असतो. तुमच्या गाडीला नाही, पण कुणी नव्या गाडीवर हे वाचून काम करणार असेल तर आधी सेन्सरचा कपलर सोडवा, पाईप फिरवताना वायर पिळू देऊ नका, आणि तेलाचा फवारा सेन्सरच्या टोकावर जाऊ देऊ नका. पाईप कापायच्या आधी सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कुठे आहे ते बघा.

नवा सायलेन्सर लावण्याआधी हेडच्या पोर्टमध्ये टॉर्च मारून जुनं पॅकिंग शोधा. ती चपटी झालेली रिंग काजळीत इतकी मिसळून जाते की ती हेडचाच भाग वाटते. तिच्यावर नवी रिंग बसवली तर पाईप सरळ बसत नाही, हवा गळते आणि थ्रॉटल सोडल्यावर गाडी फटफट आवाज करते. वाकवलेल्या सुईने कडेने उचकटून काढा, बसायच्या जागेवर चरा पाडू नका.

नवे स्टड बोटांनी बसवा आणि शेवटी दोन नटांच्या जुगाडाने हलकेच टेकवा. लाल लॉकटाइट (आटे चिकटवणारा गोंद) वगैरे लावू नका, नेहमीचं लाल लॉकटाइट या तापमानात टिकत नाही. दोन्ही टोकांना तांब्याचं किंवा निकेलचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं मलम) लावा, पातळ. साधं ग्रीस लावणारे बरेच भेटतील. ते जळून कोळसा होतं आणि पुढच्या वेळी त्रासात भर घालतं. नट मिळाले तर पितळी घ्या, ते पोलादी स्टडवर गंजून धरत नाहीत. डोम नट मिळाले तर स्टडचं टोकही झाकलं जातं, किनाऱ्यावर त्याचा फायदा होतो. स्टेनलेसच्या स्टडवर स्टेनलेसचाच नट मात्र कोरडा फिरवू नका, ते एकमेकांना धरून बसतात आणि मग कापण्याशिवाय इलाज राहत नाही.

आवळायचा क्रम: मागचा बोल्ट नुसता अडकवून सायलेन्सर टांगा, पुढे रिंग आणि कॉलर बसवून दोन्ही नट हाताने आणा, मग आलटून पालटून थोडे-थोडे, कॉलर दोन्ही बाजूंनी सारखी बसत जाईल असे. मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी. आधी मागे आवळलंत तर पाईप ताणाखाली राहतो आणि एक नट कायम जास्त ओढ घेतो. एम६ ला साधारण १० न्यूटन-मीटर असतं, पण तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा आहे तो प्रमाण माना. टॉर्क रेंच नसेल तर लहान पाना, मनगटाचा जोर, कोपराचा नाही.

इंजिन चालू करून हात कॉलरच्या जवळ, न लावता, फिरवा. गळती असेल तर हवेचा झोत कळतो. एक फेरफटका मारा, रात्रभर थंड होऊ द्या, आणि सकाळी दोन्ही नट पुन्हा एकदा तपासा, नवी रिंग दबल्यामुळे ते पाव फेरा घेतील. पावसाळा संपला की उघड्या आट्यांवर वायर ब्रश मारून अँटी-सीझचं एक बोट फिरवा, आणि समुद्राच्या बाजूने आलात की गोड्या पाण्याने कॉलरपासचा भाग धुवा, इंजिन थंड झाल्यावर.